विश्लेषण : घरात पोवारी, वर्गात मराठी… पहिलीतले मूल वाचताना नेमके कुठे अडते?

पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही, यावर २०२५ मध्ये राज्य ढवळून निघाले. पण गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यासारख्या गावात प्रश्न तिसऱ्या भाषेच्या आधी सुरू होतो. इथे शाळेची ‘पहिली भाषा’ अनेक मुलांच्या घरातली पहिली भाषा नसते. याचा वाचनावर काय परिणाम होतो, संशोधन काय सांगते आणि कायद्यात काय लिहिले आहे?

तिसऱ्या भाषेचा वाद काय होता?

थोडक्यात उजळणी. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध वाढल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात ‘अनिवार्य’ शब्द गेला, पण हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गातल्या किमान २० विद्यार्थ्यांची मागणी लागेल अशी अट होती. २९ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय रद्द केल्याचे जाहीर केले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत येणारे मूल घरून मराठी घेऊन येते, दुसरी भाषा इंग्रजी, आणि वाद फक्त तिसरीचा. पुणे किंवा साताऱ्यासाठी हे गृहीतक बऱ्यापैकी चालून जाते. राज्याच्या पूर्व टोकाला ते चालत नाही.

कुडव्यात मुले कोणती भाषा बोलतात?

कुडवा आता गाव कमी आणि गोंदियाचे उपनगर जास्त आहे. गोंदिया हे रेल्वेचे जंक्शन आणि राइस मिलचे शहर. एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. त्यामुळे या पट्ट्यात बाजाराची, ऑटोची, दुकानाची बोली सहज हिंदी होते. घरात मात्र पोवारी असू शकते, झाडीबोली असू शकते, छत्तीसगडी असू शकते. देवरी, सालेकसा या तालुक्यांकडे गेले की गोंडीही येते.

या बोली मराठीपासून किती दूर आहेत, याचे उत्तर प्रत्येकीसाठी वेगळे आहे. झाडीबोली मराठीचीच. पण तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ जवळपास नाहीत. पाण्याला ‘पानी’, डोळ्याला ‘डोरा’. म्हणजे पुस्तकात ‘डोळा’ लिहिलेले असते तेव्हा मुलाला चित्र ओळखता येते, अर्थ माहीत असतो, फक्त अक्षर आणि कानातला आवाज जुळत नाही. पोवारीत ‘माझे’साठी ‘मोरो’, ‘तुझे’साठी ‘तोरो’ आणि ‘आहे’साठी ‘से’. छत्तीसगडीत ‘मोर’ आणि ‘तोर’. गोंडी तर द्राविडी कुळातली, तिचे नाते तेलुगूशी. गोंडी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी मराठी ही शब्दशः परकी भाषा आहे.

आकडे पाहिले तर हे चित्र अंधूक होते. २०११ च्या जनगणनेत पोवारी मातृभाषा सांगणारे सव्वातीन लाखांच्या आसपास होते, पण त्यांची मोजणी ‘हिंदी’ या शीर्षकाखाली झाली. छत्तीसगडी बोलणारे एक कोटी ६२ लाखही हिंदीतच मोजले गेले. गोंडीला स्वतंत्र ओळ आहे, सुमारे २९ लाख ८४ हजार, अनेक राज्ये मिळून. झाडीबोली अर्थातच मराठीत. तेव्हा जिल्ह्याचा तक्ता उघडला की मराठी, हिंदी, गोंडी अशा ठळक ओळी दिसतात. वर्गातल्या बाकावर बसलेल्या मुलांची भाषा त्या ओळींमध्ये कुठेतरी हरवलेली असते.

पण मुले मराठी ऐकतातच ना? मग अडचण कुठे?

इथे वाचनाच्या विज्ञानाकडे वळावे लागते. १९८६ मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोन संशोधकांनी एक साधे सूत्र मांडले. आजही जगभरातले वाचनसंशोधन त्याच्याभोवती फिरते. वाचन म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : अक्षरे ओळखून शब्द उच्चारणे, आणि ती भाषा ऐकून समजणे.

बेरीज नाही, गुणाकार. हा फरक महत्त्वाचा आहे. समजा एखादे मूल अक्षरओळखीत १ पैकी ०.९ आहे, म्हणजे उत्तम. पण पुस्तकातली भाषा त्याला ०.३ इतकीच कळते. गुणाकार येतो ०.२७. हे मूल धडा घडाघडा वाचून दाखवेल आणि ‘काय वाचलेस?’ विचारल्यावर गप्प बसेल. बेरीज असती तर एक बाजू दुसरीची भरपाई करू शकली असती. गुणाकारात ती सोय नाही. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. (हे आकडे फक्त समजावण्यापुरते, कोणत्याही परीक्षेतले नव्हेत.)

आता पहिली बाजू, अक्षरओळख. इंग्रजीत २६ अक्षरे. मराठीत ३४ व्यंजने, प्रत्येकाची बाराखडी धरली तर ४०८ रूपे होतात. २००९ च्या शासन निर्णयानंतर ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून चौदाखडी मोजली तर ४७६. जोडाक्षरे वेगळीच. ही रूपे नियमाने बनतात हे खरे, पण सहा वर्षांच्या मुलाला तो नियम लगेच दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) असे दिसले की अक्षरे आत्मसात करण्याचे काम चौथीपर्यंतही सुरू राहते. कन्नड लिपीचा सांगाडा देवनागरीसारखाच आहे. त्यामुळे ‘पहिलीतच बाराखडी पूर्ण’ ही अपेक्षा मुळातच घाईची ठरते.

या लांबलचक प्रवासात मुलाला मदत करते ती त्याची बोली. ‘डो-’पर्यंत वाचल्यावर पुढचे अक्षर नीट दिसले नाही तरी मराठी घरातले मूल चित्र पाहून ‘डोळा’ म्हणून मोकळे होते, आणि त्याच दमात ‘ळा’ शिकते. माहीत असलेला शब्द अनोळखी अक्षर शिकवतो. घरात ‘डोरा’ म्हणणारे मूल तिथे अडखळते किंवा ‘डोरा’ असेच वाचते. वर्गात त्याला चूक म्हटले जाते. खरे तर त्या मुलाने अर्थ अचूक पकडलेला असतो.

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झाले. त्याची उद्दिष्टे मिनिटाला किती शब्द अचूक वाचले यावर मांडली आहेत : दुसरीसाठी ४५ ते ६०, तिसरीसाठी किमान ६०, तेही अर्थ समजून. घड्याळ लावून मोजले की शब्दांची संख्या मिळते. समज मोजायला वेळ, संवाद आणि मुलाची बोली कळणारा माणूस लागतो. साहजिकच शाळांचा भर मोजायला सोप्या बाजूवर जातो.

देशात वाचनाची स्थिती काय?

‘असर २०२४’ अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये, करोनानंतर, हे प्रमाण १६.३ टक्क्यांवर घसरले होते, म्हणजे सुधारणा ठळक आहे. पाचवीत हेच प्रमाण ४४.८ टक्के. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पाचवी गाठलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही.

‘असर’मध्ये मुलाला वाचनाची भाषा निवडू दिली जाते. मराठी की हिंदी की इंग्रजी, ज्यात सोपे वाटते त्यात. पोवारीचा किंवा छत्तीसगडीचा कागद मात्र तिथे नसतो.

महाराष्ट्रात यावर अभ्यास झाला आहे का?

झाला आहे, आणि तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा इथे शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केला. प्रत्येक ठिकाणी सुमारे ३६० मुले. भारतीय भाषांतल्या साक्षरतेवरचा हा प्रकल्प ‘लिरिल’ नावाने ओळखला जातो, त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. वाड्यात त्यांच्या सोबत सोनाळे इथली ‘क्वेस्ट’ ही संस्था होती.

वाडा आदिवासीबहुल. वारली, कातकरी घरातली मुले मराठी शाळेत. संशोधकांना वर्गात काय दिसले? अक्षरे गिरवणे, फळ्यावरचे उतरवून घेणे, एकसुरात म्हणणे. गोष्टीवर बोलणे, अर्थ काढणे, मुलाने स्वतःच्या मनातले लिहिणे जवळपास नव्हते. मुलांच्या घरच्या भाषेला वर्गात फारशी जागा नव्हती. म्हणजे गुणाकारातली एक बाजू रोज घोटली जात होती, दुसरीकडे कुणी बघत नव्हते. आणि घोटलेली बाजूही अनेक मुलांत तिसरीच्या शेवटी कच्चीच होती.

गोंदियात असा दीर्घ अभ्यास व्हायला हवा. वाड्याचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, कारण पोवारी किंवा झाडीबोलीचे मराठीपासूनचे अंतर आणि कातकरीचे अंतर सारखे नाही. इथे हिंदीही आहे, जी वाड्यात फारशी नव्हती.

भाषा जुळली नाही तर नुकसान किती होते?

याचे एक उत्तर थेट या भागाच्या इतिहासात दडले आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हताच. तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड या हिंदी-मराठी दुभाषी प्रांतात होता आणि स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचनेत मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला.

अर्थतज्ज्ञ तरुण जैन यांनी याच पुनर्रचनेचा आधार घेऊन २०१७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्रिटिशकालीन प्रांतांत काही जिल्ह्यांची भाषा प्रांताच्या राजभाषेशी जुळत होती, काहींची नव्हती. दोन्हींची तुलना केल्यावर न जुळणाऱ्या जिल्ह्यांत साक्षरता १८ टक्क्यांनी आणि पदवीधरांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. १९५६ नंतर, शाळेची भाषा आणि लोकांची भाषा जुळल्यावर, हे जिल्हे हळूहळू बरोबरीला आले.

मराठी माणसाला हा निष्कर्ष आवडेल. मराठी शाळा मिळाल्याने मराठी जिल्हे पुढे गेले. मात्र हेच तर्कशास्त्र एक पायरी खाली नेले की मराठी शाळेतल्या गोंडी मुलालाही ते लागू होते. राज्याची भाषा जुळली, तरी वस्तीची भाषा जुळायची राहिली.

मग सगळीकडे मातृभाषेतच शिकवले की झाले?

नाही. जगभरातला पुरावा इतका सरळ नाही.

कॅमेरूनमध्ये कोम नावाच्या भाषेत पहिली ते तिसरी शिकवण्याचा प्रयोग २००७ मध्ये सुरू झाला. तुलनेसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा घेतल्या. पहिल्या तीन इयत्तांत कोम शाळांतली मुले इतकी पुढे होती की त्यांचे गुण इंग्रजीच्या चाचणीतही चांगले आले. चौथीपासून माध्यम एकदम इंग्रजी झाले आणि पाचवीपर्यंत ही आघाडी बरीचशी विरली. केनियात मातृभाषेचे वाचन घेणाऱ्या शाळांत मातृभाषेतले वाचन सुधारले, पण इंग्रजी-स्वाहिलीत जादा फायदा दिसला नाही आणि गणितात ही मुले तुलनेच्या शाळांपेक्षा मागे राहिली.

दोन्ही प्रयोगांतून एकच गोष्ट कळते. भाषा बदलणे हे औषध नाही. शिक्षक तयार आहे का, पुस्तक कसे आहे आणि एका भाषेतून दुसरीत जाण्याचा पूल किती लांब आहे, यावर निकाल ठरतो. पूल अचानक संपला तर मूल पुन्हा खाली.

आपल्याकडे ओडिशाने २००७ च्या सुमारास आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले. दहा भाषांपासून सुरुवात झाली, पुढे ती २१ भाषांपर्यंत गेली. सुरुवातीची वर्षे मुलाच्या भाषेत, मग टप्प्याटप्प्याने ओडिया आणि इंग्रजी, अशी रचना आणि त्याच समाजातले शिक्षक.

कायदा काय म्हणतो?

कायद्यात कमतरता नाही. राज्यघटनेतले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्यास सांगते. हे कलमही १९५६ चेच, सातव्या घटनादुरुस्तीतले. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९(२)(फ) : शिक्षणाचे माध्यम ‘शक्य असेल तेथवर’ मुलाची मातृभाषा असावे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये परिच्छेद ४.११ : शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत, घरची भाषा हे माध्यम.

‘शक्य असेल तेथवर’. सगळी गोम या तीन शब्दांत आहे. शक्य आहे की नाही हे कोण ठरवणार, याचे उत्तर कायदा देत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत ते विचारले गेले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मान्यता नसल्याने शिक्षण विभागाची नोटीस आली. ग्रामसभा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. एकीकडे मातृभाषेचा आग्रह धरणारे धोरण, दुसरीकडे मान्यतेची चौकट, आणि मध्ये गाव.

कुडव्यासारख्या ठिकाणी काय करता येईल?

इथे गोंडीचे किंवा ओडिशाचे प्रारूप सरळ बसत नाही. मोहगावात सगळी मुले गोंडी बोलतात. कुडव्यात एका वर्गात तीन-चार बोली असू शकतात. त्यातल्या कोणत्या भाषेत पुस्तक काढणार? आणि पालकांना काय हवे आहे, हेही पाहावे लागते. शहर लागूनच असल्याने इंग्रजी माध्यमाच्या शाळा हाकेच्या अंतरावर. पोवारी घरातले अनेक पालक मुलांशी मुद्दाम हिंदी किंवा मराठी बोलतात, कारण बोलीमुळे मूल मागे पडेल ही भीती. त्यांना ‘तुमच्या बोलीतच शिकवा’ असे शहाणपण शिकवणे सोपे आहे. पण नोकरीच्या मुलाखतीत पोवारी चालत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते.

तरीही माध्यम न बदलता बरेच काही होऊ शकते, आणि त्याला शासन निर्णय लागत नाही. पहिलीच्या वर्गात गोष्ट मराठीत सांगावी, पण मुलाने उत्तर कोणत्याही बोलीत दिले तर ते स्वीकारावे. ‘डोरा’ वाचणाऱ्या मुलाला आधी शाबासकी, मग ‘पुस्तकात याला डोळा म्हणतात’. भिंतीवर चित्राखाली दोन-तीन बोलींतले शब्द. आजीला शाळेत बोलावून पोवारी गोष्ट. अक्षरओळखीसाठी सुरुवातीचे शब्द असे निवडावेत की जे मराठीत आणि घरच्या बोलीत जवळपास सारखे आहेत. ‘घर’, ‘नाक’, ‘कान’ अशांची यादी एक शिक्षक एका दुपारी करू शकतो. हा शेवटचा उपाय सर्वात स्वस्त आहे, आणि गुणाकाराच्या दोन्ही बाजूंना एकदम हात घालतो.

अडचण शिक्षकांच्या बदल्यांची आहे. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला पोवारी किंवा छत्तीसगडी कानावर बसायलाच वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर बदलीची यादी लागलेली असते. कोणत्या शाळेत कोणती बोली आहे हे बदलीच्या वेळी समोर असेल, तर निदान रुजू होणाऱ्या शिक्षकाला तयारीने येता येईल.

त्यासाठी आधी नोंद हवी. शेजारच्या छत्तीसगडने ती केली. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांची घरची भाषा कोणती आणि शिक्षकाला ती किती येते, याचे राज्यभर सर्वेक्षण झाले. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या जिल्ह्यांसाठी असा नकाशा काढायला फार मोठा खर्च येणार नाही. शाळा आधीच ‘यू-डायस’ प्रणालीत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती भरतात आणि तिच्यात मातृभाषेचा रकाना आहे. बहुतेक वेळा घाईगडबडीत शाळेचे माध्यम तेच मातृभाषा, असे मानून तो भरून टाकण्याचा मोह होतो. प्रवेशाच्या वेळी पालकांना ‘घरात काय बोलता?’ एवढे विचारले आणि पालकांनी न लाजता खरे सांगितले, तर पहिलीच्या वर्गशिक्षकाकडे जूनमध्येच यादी तयार असेल.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, संदर्भ दिनांक १ मार्च. मातृभाषेचा प्रश्न तिच्यातही असेल. ‘पोवारी’ असे उत्तर दिले तर प्रगणकाने तेच लिहायचे असते. नंतर ती कोणत्या गटात मोजायची हा वेगळा भाग. पण नोंद झाली, तर किमान किती मुलांसाठी ही शब्दयादी करायची आहे, हा आकडा हाती येईल.